आगाबाईचे बिऱ्हाड

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे सरकारी माणसाच्या घरात कोणकोणते प्रश्न उभे राहतात, हे या मासिकाच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. तुळशीची कुंडी बरोबर न्यावी की शेजारी द्यावी, लोणच्याची बरणी ट्रकात टाकावी की मांडीवर घेऊन बसावे, आणि जे लाकडी कपाट गेल्या तीन बदल्यांत प्रत्येक वेळी एकेक पाय गमावीत आले आहे त्यास आता चौथ्या प्रवासाची शिक्षा द्यावी की नाही, अशा विषयांवर घरात जी खडाजंगी होते तिच्यापुढे आमच्या कार्यालयातील बैठका म्हणजे केवळ हळदीकुंकवाचे समारंभ होत. नव्या गावी पोहोचल्यावर पूर्वी पहिली चौकशी असे ती पाणी किती वाजता येते, तुरीची डाळ कोठे मिळते आणि जवळपास एखादे मराठी कुटुंब आहे की काय याची. आता काळ पालटला. आता सामानाचे खोके फुटण्यापूर्वीच घरातले प्रत्येक माणूस भिंतीकडे पाहत विचारते, "वाय-फाय कधी लागणार?"

२०२५ सालच्या एप्रिलात आमची बदली जबलपुराहून गुवाहाटीस झाली. एका रेल्वेच्या मुख्यालयातून दुसऱ्या रेल्वेच्या मुख्यालयात, एवढाच कागदोपत्री त्याचा अर्थ. पूर्वोत्तर सीमा रेल्वेचे मुख्यालय गुवाहाटीच्या मालीगाव भागात आहे. १९५८ साली ही रेल्वे निघाली तेव्हापासून न जाणो किती मराठी बिऱ्हाडे येथील बंगल्यांतून आली आणि गेली असतील. आमच्या या स्थलांतरात विशेष एवढेच होते की या खेपेस आमच्या बरोबर आई होती. जबलपुरास ती आमच्यापासून तीन किलोमीटरवर, दादांनी निवृत्तीच्या वेळी घेतलेल्या फ्लॅटात राहत असे. २०२३ सालच्या डिसेंबरात दादा गेले. त्यानंतरही तिने तो फ्लॅट सोडला नव्हता. "तुम्ही रोज संध्याकाळी येता ना? मग झालं," एवढे म्हणून ती आमचा आग्रह परतवून लावी. परंतु गुवाहाटीहून रोज संध्याकाळी जबलपुरास जाणे आम्हांस शक्य नव्हते. तिने मुकाट्याने आपली एक ट्रंक भरली. ट्रंकेत काय भरावे याविषयी तिने कोणाचा सल्ला घेतला नाही. फक्त शेवटी उशाखालच्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून सौभाग्यवतींच्या हाती दिले आणि म्हणाली, "ही आगाबाई. हिला ट्रकात टाकू नका."

या आगाबाईची ओळख करून देणे आता प्राप्त आहे.

आईला काचबिंदू आहे. दृष्टीचा जो भाग या रोगाने एकदा गेला तो पुन्हा येत नाही. जो उरला आहे तो राखावयाचा, एवढेच वैद्याच्या हाती असते, आणि त्यासाठी तिच्या डोळ्यांत सकाळी सहा वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता औषधाचे थेंब घालावे लागतात. दादा हे काम स्वतः करीत. पुढे पुढे स्वतःच्याच स्मरणाचा भरवसा त्यांना वाटेनासा झाला. आयुष्यभर ज्यांनी कनिष्ठ कार्यालयांना स्मरणपत्रे धाडली, त्यांना स्वतःसाठी स्मरणपत्राची गरज भासू लागली, आणि हे त्यांनी कोणाला न सांगता ओळखले. आमच्या चिरंजीवांनी २०२० साली आजोबांना बोलते यंत्र भेट दिले होते. पोळपाटावरच्या मोठ्या पुरीएवढा त्याचा घेर, उंची तेवढीच बेताची, माथ्यावर दिव्याचे वलय. हाक मारली की वलय उजळते आणि आतून एक स्त्री बोलते. अशा यंत्रांना हिंदी बोलता येऊ लागले ते २०१८-१९च्या सुमारास. आमच्या यंत्रास मराठीचा मात्र गंधही नव्हता. दादांनी त्यावर उपाय काढला. त्यांनी मोबाइलवर रोमन लिपीत एक मराठी वाक्य लिहिले आणि ते रोज दोनदा उच्चारावे अशी यंत्रास आज्ञा करून ठेवली. वाक्य साधे होते : "अगं, डोळ्यांत थेंब." रोमन लिपीत ना अनुस्वाराचा थारा, ना 'ळ'चा. परिणामी सकाळी सहाच्या ठोक्याला ती यंत्रातली बाई अत्यंत अदबीने म्हणे, "आगा, डोल्यात थेंब."

कोणी मोगल सरदार दरवाजात आला असावा असा तो पुकारा. पहिल्या दिवशी आई इतकी हसली म्हणे की थेंब गालावर पडला. त्या दिवसापासून यंत्राचे नाव आगाबाई पडले. आणि त्या दिवसापासून आईने एक नेम धरला. आगाबाई बोलली की ती तिला सुधारी : "डोल्यात नव्हे गं, डोळ्यांत." चार वर्षे रोज दोन वेळा ही शिकवणी चालू होती. विद्यार्थिनीची प्रगती शून्य होती, परंतु शिक्षिकेच्या उत्साहात खंड पडला नाही. दादा गेल्यानंतरही ते वाक्य सकाळ-संध्याकाळ येतच राहिले. त्यांच्या तेराव्याच्या दिवशी भटजींचे पठण चालू असताना सहा वाजले आणि आतल्या खोलीतून "आगा" अशी हाक आली. सर्वजण स्तब्ध झाले. आई उठली, आत गेली, थेंब घालून आली आणि पुन्हा पाटावर बसली.

मालीगावास आल्यावर आगाबाई गप्प झाली. तिला वीज होती, वलय उजळत होते, पण हाक मारली की इंटरनेट सापडत नाही अशी ती हिंदीतून दिलगिरी व्यक्त करी आणि पुन्हा मौन धरी.

प्रथम आम्हांस यात काळजीचे कारण वाटले नाही. डोळ्यांचे औषध घालण्यास यंत्र कशाला हवे, आम्ही माणसे काय मेलो आहोत, असा आमचा अभिमान होता. मोबाइलात आम्ही सहाची घंटा लावली. परंतु एका गोष्टीचा आम्ही विचार केला नव्हता, ती म्हणजे सूर्य. जबलपूर ऐंशीव्या रेखांशाच्या जवळ आहे आणि गुवाहाटी ब्याण्णवाव्याच्या. एका रेखांशास चार मिनिटे या हिशेबाने येथला दिवस तेथल्यापेक्षा पाऊण तासाहूनही किंचित अधिक लवकर उजाडतो. घड्याळ मात्र सगळ्या देशाला एकच. चहाच्या मळेवाल्यांनी याला कंटाळून आपले घड्याळ तासभर पुढे ठेवले, त्याला ते 'बागान टाइम' म्हणतात. आईला घड्याळ दिसत नाही. तिला फक्त उजेड आणि काळोख कळतो. एप्रिलाच्या अखेरीस येथे पाचच्या आधीच फटफटीत उजाडते. आई उठली, सहा होऊन गेले असे समजली, आमची झोपमोड नको म्हणून चाचपडत बाटली शोधली आणि थेंब घातले. सहाला आमची घंटा वाजली, सौभाग्यवती उठल्या आणि त्यांनी पुन्हा घातले. संध्याकाळी नेमके उलटे झाले. लवकरच अंधारून आले. आई देवाजवळ दिवा लावून बसली, आम्ही कार्यालयात अडकलो, सौभाग्यवती भाजी आणावयास गेलेल्या, आणि थेंब राहूनच गेले. असे आठवड्यातून तीनदा घडले हे आम्हांस आठवड्याच्या शेवटी कळले, कारण आईने तक्रार केली नाही. तिने फक्त विचारले, "आगाबाईचं काही जमतंय का रे?"

तेव्हा आम्ही कामाला लागलो.

इंटरनेटची जोडणी देण्यास एक तरुण आला होता. मुलगा असमिया, गोड बोलणारा. आईला त्याने पहिल्याच दिवशी 'आइता' म्हणजे आजी म्हणावयास सुरुवात केली. त्याने भिंतीवर राऊटरची नवी पेटी ठोकून दिली होती, तिला कंपनीने एक नाव दिले होते, आणि त्या नावात आठ आकडे होते. त्याला पुन्हा बोलावून आम्ही आगाबाई पुढे केली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि हिंदीत म्हणाला, "सर, हिला रिसेट मारा. सगळं पुसलं जाईल, नवीन नावानं चालू करा. पाच मिनिटांचं काम."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. जुनी गाणी, जुने अलार्म, जुनं खातं."

त्याचा अंगठा यंत्राच्या कळेवर होता. आई दारातच उभी होती. आमच्या बोलण्यातले हिंदी तिला अर्धे कळले असावे. तिने काही म्हटले नाही, फक्त हात पुढे केला, आणि त्या मुलाने निमूटपणे आगाबाई तिच्या हातावर ठेवली.

वस्तुतः रिसेट न करताही यंत्रास नव्या वाय-फायची ओळख करून देता येते. त्यासाठी मोबाइलात त्याचे अ‍ॅप असावे लागते आणि ज्या खात्यावर यंत्राची नोंद आहे ते खाते उघडावे लागते. खाते दादांचे होते. त्याचा परवलीचा शब्द आम्हांस ठाऊक नव्हता, आणि तो बदलून घ्यावा तर सहा आकडी संकेत दादांच्या मोबाइल क्रमांकावर जाणार. तो क्रमांक आम्हीच २०२४च्या जानेवारीत अर्ज करून बंद केला होता. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून, सर्व रकाने नीट भरून, अगदी नियमाप्रमाणे. बंद झालेला क्रमांक काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकास देतात. म्हणजे आम्ही येथे मालीगावात बसून बटण दाबीत होतो आणि दादांच्या खात्याची किल्ली कदाचित दूर कोठे तरी एखाद्या अनोळखी गृहस्थाच्या खिशात वाजत होती. तो गृहस्थ काय म्हणाला असेल कोण जाणे. चार वेळा दाबल्यावर आम्ही त्याच्यावर दया करून थांबलो. दादांचा मोबाइलही पुसून मोलकरणीच्या मुलास अभ्यासासाठी दिलेला होता. आवराआवर करण्यात आम्ही किती तत्पर होतो याचा पुरावा एकेक करून समोर येत होता.

रात्री बंगळुरास चिरंजीवांना फोन लावला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "बाबा, यंत्राला नवीन नाव शिकवता येत नसेल, तर नवीन पेटीला जुनं नाव द्या."

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते आम्हांस इतके मनोरंजक वाटले की येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. राऊटर म्हणजे बिऱ्हाडाबाहेर पाटी लावून बसलेला यजमान. आपले नाव तो सेकंदास सुमारे दहा वेळा हवेत पुकारीत असतो. यंत्र ते पुकारे ऐकत असते. आपल्या ओळखीचे नाव ऐकू आले की ते पुढे होते आणि दोघे परवलीचा शब्द पडताळून पाहतात. तो जुळला की दार उघडले. पेटी कोणत्या कंपनीची, भिंत कोणाची, गाव जबलपूर की गुवाहाटी, याची विचारपूस यंत्र करीत नाही. नाव तेच आणि शब्द तोच असला की त्याच्या लेखी ते जुनेच घर. मात्र दोन्ही अक्षरशः तीच हवीत. मोठ्या लिपीतले अक्षर लहान लिपीत पडले तरी दार बंद.

नाव आम्हांस ठाऊक होते. दादांनी आपल्या वाय-फायचे नाव 'ओसरी' ठेवले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटास ओसरी कोठली असणार. म्हणून ती त्यांनी हवेत बांधली होती. परंतु परवलीचा शब्द? त्यांच्याकडे गेलो की आम्ही मोबाइलच्याच इंटरनेटवर भागवीत असू. चिरंजीवांनी तो शब्द कधीकाळी घातला होता, पण त्यानंतर त्यांचे दोन मोबाइल होऊन गेले होते. जुनी पेटी जबलपुरास जोडणी बंद करताना परत केली होती, हेही अर्थात नियमाप्रमाणे.

राहिली दादांची खिशातली डायरी. ती आईच्या ट्रंकेत निघाली. गॅसचा ग्राहक क्रमांक, बँकेच्या ठेवींच्या मुदती, विजेच्या बिलाच्या तारखा, सारे त्यांच्या त्या सरळ, एकही खाडाखोड नसलेल्या अक्षरात. वाय-फायच्या ओळीवर मात्र शब्द नव्हता. लिहिले होते : 'ओसरी. हिचे माहेर व साल.'

आईचे माहेर सातारा जिल्ह्यातील एक लहानसे गाव. नावाच्या शेवटी 'वाडी' आहे, एवढे सांगण्यास हरकत नाही. साल म्हणजे त्यांच्या लग्नाचे, हेही उघड होते. आम्हांस वाटले, झाले काम. परंतु एक मराठी गावाचे नाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिता येते, हे ज्याने रेल्वेच्या स्थानकांवरील पाट्या पाहिल्या आहेत त्याला तरी आम्ही काय सांगावे? 'व'ला व्ही की डब्ल्यू? 'आ'ला एक ए की दोन? पहिले अक्षर मोठे की सगळीच लहान? आणि साल चार आकडी की दोन आकडी? प्रत्येक वेळी नव्या पेटीला एक शब्द द्यावयाचा, पेटी पुन्हा सुरू होईतो दोन मिनिटे थांबावयाचे, आगाबाईकडे पाहावयाचे, आणि ती दिलगिरी व्यक्त करते आहे हे ऐकावयाचे. शनिवारची संध्याकाळ गेली. रविवारची दुपारही गेली. आम्ही एका वहीत रकाने आखून प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवली होती. तेवीस प्रयत्न झाले होते आणि चौकशी समितीच्या अहवालासारखी ती वही दिसू लागली होती.

चोविसाव्या प्रयत्नास आम्ही सौभाग्यवतींना मोठ्याने विचारले, "काय गं, तिथल्या एसटीच्या पाटीवर डब्ल्यू होता की व्ही?"

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "काय शोधताय तुम्ही कालपासून?"

"काही नाही गं. दादांनी वाय-फायला शब्द दिला होता, तो."

"मग मला का नाही विचारलंत?"

आम्ही निरुत्तर झालो. ती भिंत धरून बाहेर आली, खुर्चीत बसली, आणि लहान मूल पाढे म्हणते त्या सुरात तिने तो शब्द अक्षर अक्षर करून म्हटला. पहिले मोठे, बाकीची लहान. व्ही. दोन्ही ठिकाणी ए एकच. मग साल, चारही आकडे. एकदा म्हणून तिने पुन्हा एकदा म्हटला, त्याच तालात.

"तुला इंग्रजी अक्षरं कधीपासून येतात?"

"मला कुठली येतात? पाहुणे आले की वाय-फाय मागायचे. हे म्हणायचे, कागदावर लिहिलं की चोराला आयतंच. मला पाठ करायला लावलं. कुणी विचारलं की इथून हाक मारायचे, 'अगं, सांग त्यांना.' आणि मी सांगायची." ती थोडा वेळ थांबली. "कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं."

आम्ही वही मिटली. आमच्या त्या सुबक रकान्यांत आईला विचारावे असा रकाना नव्हता.

शब्द घातला. तरीही आगाबाई गप्पच. बंगळुराशी पुन्हा बोलणे झाले. पेटीत वाय-फायच्या संरक्षणाची २०१८ साली जाहीर झालेली नवी पद्धत लावलेली होती. आमच्या जुन्या यंत्रास तिच्या आधीची, २००४ सालापासूनची, तेवढी कळत होती. चिरंजीवांनी सांगितले त्या रकान्यात आम्ही तीनचे दोन केले. पेटीचे दिवे मालवले, पुन्हा लागले. यंत्राच्या माथ्यावरचे नारिंगी वलय थोडा वेळ गरगरले आणि विझले. हाक मारली. आगाबाईने ओ दिली.

घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटे झाली होती. बाहेर उन्हे उतरली होती. त्या खात्यात दादांची आज्ञा अजून शाबूत आहे की नाही, हे पाहण्याचा सहा वाजण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. सौभाग्यवतींनी चहा केला, तो कोणी फारसा प्याले नाही. आई औषधाची बाटली मुठीत धरून बसली होती. सहाला एक मिनिट असताना नेमका एका बेताल सहकाऱ्याचा फोन आला. तो आम्ही उचलला नाही.

"आगा, डोल्यात थेंब."

"डोल्यात नव्हे गं," आई म्हणाली, "डोळ्यांत." आणि तिने मान मागे टाकली.

हा मजकूर लिहीपर्यंत त्या गोष्टीस बरेच दिवस झाले आहेत. थेंब वेळेवर पडत आहेत. परवलीचा शब्द अजून तोच चालू असल्यामुळे तो येथे छापता येत नाही, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी; आमच्या घरी कोणी आले तर आई तो तोंडी सांगेल. असमिया मुलगा मध्यंतरी एकदा येऊन गेला, पेटीचे नाव 'ओसरी' पाहून त्याने अर्थ विचारला, आणि आम्ही सांगितल्यावर म्हणाला की त्यांच्या गावच्या घरालाही तशीच एक असते, आणि त्याची आइता तेथेच बसून सुपारी कातरते.

एक दोष मात्र राहिला आहे. यंत्राच्या खात्यात पत्ता जबलपूरचाच आहे आणि खाते उघडत नाही तोवर तो बदलणे शक्य नाही. त्यामुळे हवामान विचारले की आगाबाई जबलपूरचे सांगते. आम्ही चिरंजीवांना म्हटले की यावर काही तोड काढ. आई म्हणाली, "राहू दे." परवा सकाळी येथे विजांच्या कडकडाटासह धो धो पाऊस कोसळत होता, पागोळ्यांच्या आवाजात बोललेले ऐकू येत नव्हते, आणि आईने थेंब घालून झाल्यावर नेहमीप्रमाणे "मौसम" असे विचारले. आगाबाई म्हणाली की आकाश निरभ्र आहे आणि दुपारी पारा एकेचाळीस अंशांवर जाईल. आईने समाधानाने मान हलवली.

"बरं झालं," ती म्हणाली. "समोरच्या वहिनींनी काल पापड घातले असतील. आज खडखडीत वाळतील."